तीन करडी चित्रं आणि एक तांबडा ग्रह

लॅपटॉपवर तीन चित्रं शेजारी शेजारी उघडली आहेत. तिन्ही करडी. तिन्हींत तोच चपटा दगड, तीच वाळू, दगडाच्या कडेला साचलेली तीच धूळ. पहिल्यात ती धूळ दगडापेक्षा कितीतरी उजळ दिसते. दुसऱ्यात फरक कमी होतो. तिसऱ्यात धूळ आणि दगड जवळपास एकाच छटेचे. मंगळाचा सगळा तांबडेपणा या उतरत्या उजेडात आहे. तो पकडून पडद्यावर रंग उभा करायचा, हे काम जगभरातले कितीतरी हौशी लोक रात्री जागून करतात. त्यांना कुणी पगार देत नाही, कुणी पदवी विचारत नाही. गेली काही वर्षं मीही त्यांच्यातला एक आहे. हे काम नेमकं काय असतं, ते आज सांगायचं आहे.

सुरुवात कॅमेऱ्यापासून करू. ही चित्रं नासाच्या ऑपॉर्च्युनिटी रोव्हरची. जानेवारी 2004 मध्ये स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी ही जुळी भावंडं मंगळाच्या दोन विरुद्ध बाजूंना उतरली. दोघांच्याही उभ्या खांबावर, जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर, पॅनकॅम नावाचे दोन डोळे होते, एकमेकांपासून 30 सेंटीमीटर अंतरावर. एकेक डोळा 1024 गुणिले 1024, म्हणजे जेमतेम दहा लाख ठिपक्यांचा. आज हातातला साधा फोनसुद्धा याच्या कितीतरी पुढे आहे. शिवाय पॅनकॅमला रंग दिसतच नसे. प्रकाश किती आला, एवढंच तो मोजायचा.

रंगासाठी प्रत्येक डोळ्यासमोर आठ खाचांचं एक चाक होतं आणि खाचांमध्ये वेगवेगळ्या प्रकाशाच्या काचा, म्हणजे फिल्टर. चाक फिरवायचं, फोटो काढायचा, पुन्हा फिरवायचं, पुन्हा काढायचा. डाव्या डोळ्याच्या दुसऱ्या काचेतून 753 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश यायचा, तांबड्याच्या अगदी टोकाचा, आपल्या डोळ्याला जवळपास न दिसणारा. पाचव्या काचेतून 535, म्हणजे हिरवा. सातव्या काचेतून 432, म्हणजे जांभळ्याकडे झुकलेला निळा. माझ्यासमोरची तीन चित्रं या तीन काचांमधून घेतलेली आहेत.

मग सरळ रंगीत कॅमेराच का नाही पाठवला? कारण शास्त्रज्ञांना सुंदर फोटो हवा होता त्याहून जास्त दगडाची ओळख हवी होती. लोहाची वेगवेगळी खनिजं वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतात. काचा जितक्या जास्त आणि नेमक्या, तितका दगड जास्त बोलतो.

जुन्या छापखान्यात काम केलेल्या माणसाला पुढची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. रंगीत कॅलेंडर छापताना निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा असे चार रंग एकावर एक चढवतात. एखादा रंग केसभर सरकला की देवाच्या मुकुटाला दुहेरी कड येते. आमचंही तसंच. तीन करडी चित्रं तांबड्या, हिरव्या आणि निळ्या थरात टाकायची आणि तंतोतंत एकावर एक बसवायची. दगड जागचा हलत नाही, पण सावली हलते. तीन फोटोंमध्ये काही सेकंद किंवा मिनिटं जातात, तेवढ्यात सूर्य सरकतो, आणि रोव्हरच्या खांबाच्या सावलीला एका बाजूनं तांबडी, दुसऱ्या बाजूनं निळी किनार उमटते. माझ्या पहिल्याच चित्रात ती होती. दोन तास मी चित्रं पुन्हा पुन्हा जुळवत बसलो. मग लक्षात आलं की जुळणी बरोबरच आहे, मला दिसतोय तो मंगळावर सरकलेला वेळ. त्या रात्री मला हा छंद खऱ्या अर्थानं लागला.

ही चित्रं आपल्यापर्यंत येतात कशी? रोव्हर ती आधी डोक्यावरून जाणाऱ्या एखाद्या यानाकडे पाठवतो, मार्स ओडिसीकडे किंवा मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरकडे. ते यान ती पृथ्वीकडे पाठवतं. कॅलिफोर्नियातलं गोल्डस्टोन, स्पेनमधलं माद्रिद आणि ऑस्ट्रेलियातलं कॅनबेरा इथल्या प्रचंड तबकड्या तो क्षीण इशारा झेलतात. ग्रह जवळ असेल तर या प्रवासाला तीनेक मिनिटं लागतात, लांब असेल तर बावीसच्या आसपास. आधी छोटे नमुने येतात, पूर्ण आकाराची चित्रं सवडीनं येतात, आणि कधी वाटेत एखादा तुकडा गळतो. चित्रात काळा चौकोन दिसला की काही जण लगेच म्हणतात, नासानं काहीतरी झाकलं. झाकलेलं काही नसतं, तेवढा मजकूर पोचलेला नसतो. बऱ्याचदा तो पुढच्या फेरीत येतोही.

खरी मोठी गोष्ट याच्या पुढची आहे. अंतराळ मोहिमांत रिवाज असा होता की माहिती आधी काही महिने मोहिमेतल्या शास्त्रज्ञांकडे राहायची, मग जगाला मिळायची. 2004 मध्ये स्टीव्ह स्क्वायर्स यांच्या नेतृत्वाखालच्या त्या रोव्हर मोहिमेनं चित्रं जशी येतील तशी, कच्ची, इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवून दिली. एखादं चित्र पाहणारा पहिला माणूस पॅसाडीनातल्या मोहीम-केंद्रातला शास्त्रज्ञ असेल किंवा दुसऱ्या खंडातला रात्रपाळीचा कामगार असेल, फरक काही तासांचा. माझ्या मते रोव्हरच्या चाकांइतकाच हा निर्णय महत्त्वाचा होता. डग एलिसन हा ब्रिटिश तरुण तेव्हा असाच हौशी होता. पुढे तो जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत, म्हणजे जेपीएलमध्ये गेला आणि क्युरिऑसिटी रोव्हरच्या अभियांत्रिकी कॅमेऱ्यांचं काम पाहू लागला.

कच्च्या चित्राचं नावही वाचता येतं, आणि ते वाचायला शिकणं हा सगळ्यात आनंदाचा धडा आहे. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटीच्या फाइलचं नाव म्हणजे अक्षर-आकड्यांची लांबलचक माळ. पहिला आकडा 1 असेल तर ऑपॉर्च्युनिटी, 2 असेल तर स्पिरिट. त्यापुढचं अक्षर पी असेल तर पॅनकॅम, एन असेल तर वाट शोधणारा नॅव्हकॅम, एम असेल तर सूक्ष्मदर्शक. मग नऊ आकडे येतात, ते यानाच्या घड्याळाचे सेकंद, 2000 सालाच्या आरंभापासून मोजलेले. शेवटाकडे डोळा डावा की उजवा आणि काच कितवी. सवय झाली की नाव वाचूनच कळतं, हे चित्र कुठल्या दोघांचं भावंड आहे.

आता रंगाचा अवघड प्रश्न. तीन थर बसवले, चित्र रंगीत झालं, पण तो रंग मंगळाचा आहे का?

इथे एक अडचण आहे. त्या रोव्हरची जगाला मिळणारी कच्ची चित्रं आधीच ताणलेली असत. म्हणजे प्रत्येक चित्रातला सगळ्यात अंधारा ठिपका काळा केलेला आणि सगळ्यात उजळ ठिपका पांढरा केलेला. डोळ्याला ते बरं दिसतं, पण मोजमाप हरवतं. समजा, एका वर्गात तीन विषयांची परीक्षा झाली आणि प्रत्येक विषयात पहिल्याला 100, शेवटच्याला शून्य देऊन बाकीचे गुण मधे बसवले. आता कुठला पेपर सोपा होता आणि कुठला अवघड, हे निकालावरून कधीच कळणार नाही. तसंच, तांबड्या काचेतून भरपूर प्रकाश आला होता आणि निळीतून थोडा, हीच खरी बातमी. ताणल्यावर दोन्ही चित्रं सारखीच उजळ. ती तशीच एकावर एक ठेवली तर निळसर आकाश आणि हिरवट वाळू असा भलताच मुलूख तयार होतो.

यात हौशी लोकच चुकतात असं नाही. 20 जुलै 1976 ला व्हायकिंग 1 मंगळावर उतरलं आणि दुसऱ्या दिवशी पहिलं रंगीत चित्र जाहीर झालं. त्यात आकाश चक्क निळसर होतं. नीट मोजमाप झाल्यावर ते सुधारलं गेलं, आणि मंगळाचं आकाश फिकट गुलाबी-पिवळसर असतं हे जगाला कळलं. हवेत तरंगणारी बारीक तांबडी धूळ त्याला तो रंग देते. सूर्यास्ताला मात्र हीच धूळ उलटा खेळ करते. तिचे कण अशा आकाराचे आहेत की निळा प्रकाश फार बाजूला न पसरता सूर्याच्या दिशेजवळच राहतो, आणि मावळत्या सूर्याभोवती निळं तेज पसरतं. क्युरिऑसिटीनं 15 एप्रिल 2015 ला टिपलेला तसा सूर्यास्त मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा रंग उलटसुलट झाले असंच मला वाटलं होतं. ते बरोबर होते.

मोजमाप परत मिळवायला रोव्हर स्वतःबरोबर एक चकती नेतो. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटीवर ती सूर्यघड्याळाच्या आकाराची होती, करड्या छटांची कडी, कोपऱ्यांत रंगांचे तुकडे आणि मधे सावली पाडणारा दांडा. पृथ्वीवर असताना या प्रत्येक छटेचं मोजमाप झालेलं असतं. मंगळावर ती कशी दिसते ते पाहायचं आणि फरकावरून हिशेब मांडायचा. घरी लग्नाचे फोटो काढणारा फोटोग्राफर पांढऱ्या कागदावर कॅमेरा जुळवून घेतो, तसंच. फक्त इथे कागदावर रोज धूळ बसते. म्हणून क्युरिऑसिटीच्या चकतीत चुंबक बसवले, म्हणजे लोहयुक्त धूळ त्यांच्याकडे ओढली जावी आणि मधला भाग स्वच्छ राहावा. मला ही युक्ती फार आवडते.

तरीही एक निवड उरतेच. मंगळावर उभं राहून आपल्या डोळ्याला दिसेल तसा रंग ठेवायचा, की पृथ्वीवरच्या उन्हात ठेवल्यासारखा? दुसऱ्या प्रकारात सगळ्या चित्रावरचा पिवळट पडदा काढून टाकतात. नासाचे शास्त्रज्ञही हे करतात, आणि कारण साधं आहे. भूवैज्ञानिकाची नजर पृथ्वीच्या उन्हात तयार झालेली असते. दगड त्याला त्याच उजेडात ओळखू येतो.

आपल्याला तर हे लगेच पटावं. मंगळाचा पृष्ठभाग मोठ्या प्रमाणावर बेसॉल्टचा, आणि सह्याद्रीही बेसॉल्टचाच. बुलढाण्याचं लोणार विवर उल्कापातानं बेसॉल्टमध्ये झालेलं असल्यामुळे मंगळावरची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ तिथे येतात. क्युरिऑसिटीच्या चित्रावरचा तो पिवळट पडदा मी पहिल्यांदा काढला आणि वाळूखालून काळा-करडा खडक वर आला, तेव्हा मला घाटातली कापलेली दरड आठवली. तांबडा आहे तो मंगळाचा बुरखा, धुळीचा. खालचा दगड ओळखीचा आहे.

दोन्ही रंग खरे आहेत. खोटं ठरतं ते कुठला रंग निवडला हे न सांगणं.

नव्या रोव्हरवर काम थोडं बदललं आहे. ऑगस्ट 2012 मध्ये उतरलेल्या क्युरिऑसिटीच्या मास्टकॅममध्ये फोनसारखीच व्यवस्था आहे. ठिपक्यांवरच रंगांची जाळी बसवलेली, दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक तांबडा, एक निळा. काही कच्ची चित्रं जाळीसकट येतात. मोठी करून पाहिली तर चौकड्याच्या कापडासारखी दिसतात. शेजारच्या ठिपक्यांवरून हरवलेले दोन रंग अंदाजानं भरायचे, म्हणजे चौकडा विरघळतो आणि रंग येतो. फेब्रुवारी 2021 मध्ये उतरलेल्या पर्सिव्हिअरन्सचे वाट शोधणारे कॅमेरेसुद्धा रंगीत आहेत, जवळपास दोन कोटी ठिपक्यांचे. पण पूर्ण आकाराचं चित्र सोळा तुकड्यांत येतं, आणि ते जोडण्याचं काम आपलं.

जोडणं म्हणजे गोधडी शिवणं. एकेक चौकोन घ्यायचा, शेजारच्याशी कड जुळवायची, उजेड सारखा करायचा. यासाठी ह्युगिन किंवा गिम्प यांसारखी फुकट मिळणारी सॉफ्टवेअर पुरतात. लांबचे डोंगर चटकन जुळतात, त्रास देतं ते जवळचं. कॅमेरा मान वळवताना स्वतःही थोडा सरकतो, त्यामुळे रोव्हरच्या पाठीवरची एखादी तार एका चित्रात इथे तर दुसऱ्यात तिथे असते. एक बोट डोळ्यांसमोर धरा आणि आलटून पालटून एकेक डोळा मिटा, बोट उडी मारेल, मागची भिंत मारणार नाही. तोच प्रकार. दुसरा शत्रू म्हणजे सावल्या. क्युरिऑसिटीनं नोव्हेंबर-डिसेंबर 2019 मध्ये हजाराहून जास्त फोटो काढले आणि त्यांचं 180 कोटी ठिपक्यांचं एक विशाल दृश्य तयार झालं. ते काम चार दिवस चाललं होतं, आणि उजेड सारखा राहावा म्हणून रोज मंगळावरच्या दुपारी बारा ते दोन याच वेळात फोटो काढले होते.

लोक नेहमी विचारतात, रोव्हरच्या सेल्फीत कॅमेरा धरणारा हात का दिसत नाही? उत्तर गोधडीतच आहे. ऑक्टोबर 2012 मधली क्युरिऑसिटीची पहिली सेल्फी 55 फोटोंची होती. प्रत्येक फोटोत हात चौकटीच्या बाहेर राहील असा वाकवला होता, आणि शिवताना हाताचे उरलेसुरले तुकडे गळून गेले.

गोधडीला भोकंही असतात, विशेषतः आकाशात, कारण रिकाम्या आकाशाचे फोटो मागवणं रोव्हरला परवडत नाही. बरेच जण तिथे शेजारचा रंग ओढून आकाश पुरं करतात. मीही करतो, पण चित्राखाली तसं लिहून ठेवतो. चित्र धारदार करणारी, त्यात नसलेले तपशील कल्पनेनं भरणारी साधनं हल्ली सर्रास मिळतात. त्यांनी दगडावर उमटवलेली रेघ मंगळावर नसते, आणि पाहणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो. मी ती वापरत नाही.

चित्रं उघडी असली की दोन प्रकारचे डोळे त्यांच्याकडे वळतात. काहींना दरवाजे दिसतात. मे 2022 मध्ये क्युरिऑसिटीच्या एका चित्रात कड्यात कोरलेलं प्रवेशद्वार दिसलं म्हणून गाजावाजा झाला. उंची साधारण 30 सेंटीमीटर, दगडाला गेलेल्या भेगांमधून निखळलेला तुकडा. पण नजर प्रामाणिक असेल तर प्रश्न चांगले निघतात. जानेवारी 2014 मध्ये ऑपॉर्च्युनिटीच्या समोर एक दगड अवतरला, कडेनं पांढरा, मधे तांबडा, जॅम भरलेल्या डोनटसारखा. मंगळावरच्या दिवसाला सोल म्हणतात. सोल 3528 च्या चित्रात ती जागा रिकामी, सोल 3540 च्या चित्रात तिथे दगड. दोन्ही चित्रं कुणालाही शेजारी ठेवून पाहता येत होती. शेवटी रोव्हरच्या वाटेवर थोडं वर चाकाखाली फुटलेला मूळ दगड सापडला, त्याचाच तुकडा घरंगळत खाली आला होता. पर्सिव्हिअरन्सच्या पांढऱ्या-केशरी पॅराशूटच्या पट्ट्यांत संदेश दडला आहे असा इशारा मिळाल्यावर हौशी लोकांनी काही तासांत तो फोडला. पट्टे म्हणजे शून्य आणि एक, त्यांची अक्षरं केली की ‘डेअर मायटी थिंग्ज’ हे शब्द, आणि बाहेरच्या कड्यात जेपीएलचे अक्षांश-रेखांश.

भारतातलं उदाहरण चंद्राचं आहे. सप्टेंबर 2019 मध्ये चांद्रयान 2 चा विक्रम लँडर उतरताना हरवला. नासानं त्या भागाचं चित्र सगळ्यांसाठी ठेवलं. चेन्नईचे अभियंते षण्मुग सुब्रमण्यन यांनी जुनी आणि नवी चित्रं ठिपका ठिपका ताडून पाहिली, आणि आधी नसलेला एकच उजळ ठिपका त्यांना सापडला. एक ठिपका म्हणजे 1.3 मीटर जमीन. डिसेंबरमध्ये नासानं तो विक्रमचा तुकडा असल्याचं मान्य केलं आणि श्रेय त्यांना दिलं.

कुणाला सुरुवात करायची असेल तर माझं एकच सांगणं: पहिलं चित्र जुन्या पॅनकॅमचं घ्या. नव्या रोव्हरची चित्रं आयती रंगीत येतात, त्यात हात घालायला फार उरत नाही. तीन करडी चित्रं स्वतः एकावर एक बसवली की रंग म्हणजे काय, ते बोटांना कळतं. काही महिन्यांनी नासाच्या संग्रहात त्याच चित्रांची नीट मोजमाप केलेली, न ताणलेली आवृत्ती येत असे. ऑपॉर्च्युनिटीचं सगळं आयुष्य आता तिथे आहे. आपला रंग तिच्याशी ताडून पाहता येतो.

तिथलंच एक दृश्य मी अधूनमधून उघडतो. मे 2018 मध्ये ऑपॉर्च्युनिटी पर्सिव्हिअरन्स नावाच्याच एका दरीत उभी होती. 13 मे ते 10 जूनच्या दरम्यान तिनं चहूबाजूंचे 354 फोटो काढले, त्याच तीन काचांमधून. मग ग्रहभर धुळीचं वादळ उठलं, सौरपट्ट्यांवर अंधार झाला, आणि 10 जूननंतर तिच्याकडून काहीच आलं नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये मोहीम संपल्याचं जाहीर झालं. त्या दृश्यात दरीचा उतार आहे, विवराची लांबची कड आहे, तिच्याच चाकांच्या खुणा आहेत. खाली डाव्या कोपऱ्यात काही चौकोन करडेच राहिले आहेत. तिथला तांबड्या काचेचा फोटो काढून झाला होता, हिरव्या आणि जांभळ्या काचेची पाळी यायची होती. शेजारचा रंग ओढून ते चौकोन भरायला मला दहा मिनिटं लागतील. माझ्याकडच्या प्रतीत ते करडेच आहेत.